दोघांचं काम जोडलं की गेम मोडतो: जॅममध्ये उतरणाऱ्या जोडीसाठी दुरुस्ती

लक्षणं बहुतेक जोड्यांची सारखीच असतात. ४८ तासांचा गेम जॅम आहे, म्हणजे ठरलेल्या वेळेत गेम बनवायची स्पर्धा. एकाच्या लॅपटॉपवर खेळाडू छान पळतो, दुसऱ्याकडे पातळी, शत्रू आणि मेन्यू तयार आहेत. शेवटच्या रात्री दोन्ही एकत्र करायला घेतलं की मुख्य सीन (गेमचा एक भाग साठवणारी फाइल) उघडत नाही. कधी उघडतो, पण अर्धे नोड, म्हणजे सीनचे सुटे घटक, गायब असतात. कधी सगळं नीट दिसतं आणि ब्राउझरमध्ये टाकल्यावर नुसता काळा पडदा येतो. पुढच्या जॅमला "या वेळी लवकर जोडू" असं ठरतं आणि तरी तेच होतं. कारण घोळ उशिरामुळे सुरू होत नाही. तो पहिल्या दोन तासांत, दोघांनी एकच सीन उघडून त्यात भर घातली तेव्हाच सुरू झालेला असतो. रात्री तो फक्त दिसतो.

खालचं सगळं गोडो ४ (गेम बनवायचं इंजिन) आणि गिट (फाइलींतले बदल नोंदवून दोघांचं काम जोडणारं साधन) धरून लिहिलं आहे. युनिटी हे दुसरं इंजिन वापरणाऱ्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे सांगितलं आहे. उदाहरणाला एक साधा गेम घेऊ: द्राक्षबागेवर गारपीट होते आहे आणि शेतकरी धावत जाऊन वेलींच्या ओळींवर क्रॉप कव्हर ओढतो. नाशिकच्या जोडीला त्याची चित्रं काढायला संदर्भ शोधत बसावं लागणार नाही.

आत्ता अडकला असाल तर

आधी दोघांनीही गोडो बंद करा. एडिटर उघडा राहिला तर जुना सीन त्याच्या मेमरीत असतो, आणि कोणी सवयीने कंट्रोल-एस दाबलं की डिस्कवर आलेलं जोडीदाराचं काम पुसलं जातं. मग प्रोजेक्टचं पूर्ण फोल्डर दोन्ही मशीनवर दुसरीकडे कॉपी करून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे, पण त्यानंतर काहीही करून बघायची भीती राहत नाही.

मर्ज, म्हणजे दोघांचं काम जोडणं, अर्धवट असेल तर 'गिट स्टेटस' कोणत्या फाइलींत कॉन्फ्लिक्ट (दोघांनी एकाच जागी केलेले, न जुळणारे बदल) आहे ते दाखवतं. स्क्रिप्टमधला कॉन्फ्लिक्ट हाताने सोडवा. त्यात माणसाला वाचता येणारा कोड असतो, दोघं शेजारी बसलात की पाच-दहा मिनिटांत होतो. सीनची टीएससीएन फाइल मात्र हाताने जोडू नका. पुढे देतो त्या कारणांमुळे त्यात एक ओळ चुकली तरी सीन उघडत नाही, आणि नक्की कोणती चुकली हे रात्री दोन वाजता सापडत नाही.

सीनसाठी एकाची फाइल जशीच्या तशी घ्या. गिटच्या 'चेकआउट'ला 'अवर्स' दिलं की आपली राहते, 'देअर्स' दिलं की जोडीदाराची येते. इथे एक मोठी फसगत आहे. हा अर्थ साध्या मर्जमध्ये खरा आहे. रीबेस चालू असेल तर तो उलटा होतो: 'अवर्स' म्हणजे सर्व्हरवरून आलेलं, जोडीदाराचं, 'देअर्स' म्हणजे तुमचं स्वतःचं. कारण रीबेस आधी त्याच्या कामावर उभा राहतो आणि मग तुमचे कमिट (गिटमध्ये नोंदवलेले बदल) एकेक करून वर रचतो. जॅमच्या घाईत हे लक्षात ठेवण्यापेक्षा दोघांच्या गिटमध्ये पुलसाठी (सर्व्हरवरचं काम आपल्याकडे आणताना) रीबेस बंद ठेवलेला बरा. रीबेस आधीच सुरू झाला असेल तर 'अबॉर्ट' करून साधा मर्ज घ्या.

ज्याची फाइल सोडून दिली त्याचं काम गेलेलं नाही, ते त्याच्या कमिटमध्ये आहे. 'गिट शो'ला कमिटचा क्रमांक, मध्ये कोलन आणि मग फाइलचा मार्ग द्या, आणि येणारा मजकूर '>' या चिन्हाने वेगळ्या नावाच्या टीएससीएन फाइलमध्ये वळवा. हे विंडोजवर गिटसोबत येणाऱ्या गिट बॅशमध्येच करा. विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये तेच चिन्ह वापरून वळवलं तर फाइल यूटीएफ-१६ मध्ये लिहिली जाते आणि गोडोला ती वाचता येत नाही. मग चांगला सीनही बिघडलेला वाटतो. नव्या फाइलच्या पहिल्या ओळीतला यूआयडीचा (सीनच्या ओळखक्रमांकाचा) भाग खोडा, नाहीतर एकाच यूआयडीचे दोन सीन होतील आणि गोडो भलताच उघडेल.

आता ती फाइल गोडोत उघडा. त्यात आपण घातलेला भाग, समजा गारा पाडणारा नोड आणि त्याखालचं सगळं, निवडा. उजवं क्लिक करून ती फांदी वेगळा सीन म्हणून सेव्ह करा आणि मुख्य सीनमध्ये त्याचा इन्स्टन्स (त्या सीनची जोडलेली प्रत) टाका. फांदीच्या बाहेरच्या नोडला जोडलेले सिग्नल (एका नोडने दुसऱ्याला द्यायच्या सूचना) सोबत येत नाहीत, ते पुन्हा जोडावे लागतात. म्हणून फांदी तोडण्यापूर्वी नोडच्या सिग्नल टॅबचा एक स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

सीन फाइल का जुळत नाही

टीएससीएन ही साधी मजकुराची फाइल आहे, म्हणून ती गिटला जोडता येईल असं वाटतं. तिच्या वरच्या भागात सीनला लागणाऱ्या बाहेरच्या वस्तूंची यादी असते: चित्रं, स्क्रिप्ट, दुसरे सीन. प्रत्येकाला एक आयडी. मग सीनच्या आतलेच रिसोर्स, मग नोड, शेवटी सिग्नलच्या जोडण्या. दोघांनीही नवा नोड टाकला की दोघांच्या ओळी एकाच जागी येतात, आणि गिट ओळींपलीकडे काही जाणत नाही. कॉन्फ्लिक्ट आला तर निदान कळतं. वाईट प्रकार तो, ज्यात गिट गपगुमान जोडतं आणि नोड ज्या आयडीकडे बोट दाखवतो तो वरच्या यादीत उरलेलाच नसतो. तेव्हा गोडो म्हणतो, अवलंबून असलेली फाइल सापडत नाही. आणि फाइल तर फोल्डरमध्ये समोर दिसत असते.

टाइलमॅपचं, म्हणजे चौकोनी तुकड्यांनी रचलेल्या जमिनीचं, तर विचारूच नका. बागेची पूर्ण मांडणी, प्रत्येक टाइल कुठे आहे, हे सगळं एका लांबलचक ओळीत लिहिलेलं असतं. एकाने डाव्या कोपऱ्यात एक वेल लावली आणि दुसऱ्याने उजवीकडे बांध घातला, तरी गिटच्या लेखी दोघांनी तीच ओळ बदलली. ती जोडता येत नाही. एकाचंच ठेवावं लागतं.

युनिटीतही रोग हाच आहे. तिथे सीन यामल या मजकुराच्या स्वरूपात असतो, आणि सोबतच्या मेटा फाइली गिटमध्ये टाकायला विसरलं की जोडीदाराकडे चित्रं आणि स्क्रिप्ट सुटून पडतात. ॲसेट सिरिअलायझेशन 'फोर्स टेक्स्ट'वर ठेवा, मेटा फाइली दिसत्या ठेवा, लायब्ररी फोल्डर गिटबाहेर ठेवा. युनिटीचं स्वतःचं यामल जोडणारं साधन आहे, पण दोन दिवसांच्या जॅमसाठी ते बसवण्यात वेळ घालवण्यापेक्षा खालची वाटणी पाळणं स्वस्त पडतं.

पहिले दोन तास: वाटणी फाइलींची करा

"तू कोडिंग, मी ग्राफिक्स" ही वाटणी ऐकायला सरळ आहे, पण तिने काही थांबत नाही. चित्रं काढणारा ती बसवायला सीन उघडतोच. वाटणी फाइलींची हवी: कोणत्या सीनला हात लावायचा हक्क कोणाचा, हे नावानिशी ठरलेलं.

आपल्या गेमचे सीन असे पडतात: मुख्य, बाग, शेतकरी, गार, गारा पाडणारा, कव्हर, वरची पट्टी, मेन्यू. मुख्य सीनमध्ये फक्त बाकीच्यांचे इन्स्टन्स असतील, बाकी काही नाही. एक चित्रसुद्धा थेट नाही. मुख्य सीन एकाचाच. दुसऱ्याला त्यात काही हवं असेल तर फोनवर सांगायचं आणि मालकाने टाकायचं, तीस सेकंदांचं काम असतं. बाग आणि तिचा टाइलमॅपही एकाचाच. दोघांनाही मांडणी करायची हौस असेल तर बागेचे दोन सीन करा, वरची आणि खालची.

प्रत्येकाने स्वतःचा एक चाचणी सीन ठेवावा. शेतकरी तयार करणाऱ्याच्या चाचणीत एक सपाट जमीन आणि चार चौकोन पुरतात. एफ-५ने मुख्य सीन चालतो, एफ-६ने सध्या उघडा असलेला. एफ-६ची सवय लागली की मुख्य सीन उघडायची गरजच निम्म्याने कमी होते.

आता राहते प्रोजेक्टची मूळ फाइल, 'प्रोजेक्ट डॉट गोडो'. इनपुटच्या कळा, ऑटोलोड (गेमभर आपोआप चालू राहणाऱ्या स्क्रिप्ट), कोलिजन लेयरची (कोण कशावर आदळतं ते ठरवणाऱ्या थरांची) नावं, खिडकीचा आकार, सगळं त्या एका फाइलमध्ये जातं. म्हणजे एकाने 'कव्हर ओढ'ची कळ घातली आणि दुसऱ्याने आवाजाचा ऑटोलोड, की कॉन्फ्लिक्ट आलाच. यावर उपाय म्हणजे सुरुवातीलाच एका मशीनसमोर दोघांनी बसून सगळं एकदम भरणं: डावी, उजवी, वर, खाली, कृती, थांबा या कळा, खेळाडू, गार, वेल, कव्हर, जमीन हे लेयर, आणि दोन ऑटोलोड, एक गेमच्या स्थितीचा, एक नुसत्या सिग्नलांचा. या सिग्नलांच्या ऑटोलोडमुळे 'गार वेलीवर पडली' हे गारेने ओरडायचं आणि वरच्या पट्टीने ऐकायचं, दोघांना एकमेकांचा सीन माहीतही नसतो. हे कमिट करा, पुश करा (सर्व्हरवर पाठवा), जोडीदाराने पुल करून उघडून बघा. त्यानंतर त्या फाइलला फक्त मुख्य सीनचा मालक हात लावेल.

नाशिकमध्ये एक जण जेल रोडला आणि दुसरा गंगापूर रोडला राहत असेल तर दर जोडणीला पेनड्राइव्ह घेऊन शहर ओलांडणं होत नाही. पण हे पहिले दोन तास आणि शेवटचे चार एका खोलीत काढा. मधले तास आपापल्या घरी निघाले तरी चालतात.

गिटमध्ये काय जावं

'डॉट गोडो' नावाचं छुपं फोल्डर जाऊ नये. ते प्रत्येक मशीन स्वतः बनवतं आणि दर वेळी वेगळं बनवतं. चुकून गेलं असेल तर गिटच्या 'रिमूव्ह'ला 'कॅश्ड' लावून फक्त गिटमधून काढा, डिस्कवर राहू द्या, आणि दुर्लक्ष करायच्या यादीत त्याचं नाव टाका. 'इम्पोर्ट' शेपटीच्या फाइली मात्र जायलाच हव्यात, त्यांत चित्राची फिल्टर, रिपीट वगैरे सेटिंग असते. गोडो ४.४ पासून स्क्रिप्टशेजारी 'यूआयडी' शेपटीच्या फाइली दिसू लागल्या. त्या कचरा समजून वगळल्या तर दोन मशीनवर एकाच स्क्रिप्टला दोन वेगळे क्रमांक मिळतात आणि मागचाच गोंधळ नव्या रूपात येतो.

गिटहबवर १०० एमबीपेक्षा मोठी फाइल पुश होत नाही. चित्रांच्या मूळ लेयरवाल्या फाइली आणि लांब वेव्ह फाइली प्रोजेक्टबाहेर ठेवा.

तिसऱ्या तासाला एक काम न चुकता करा: रिकाम्या फोल्डरमध्ये नव्याने क्लोन करून (सर्व्हरवरून पूर्ण प्रत उतरवून) गेम चालवून बघा. 'ॲड' करायची राहून गेलेली फाइल इथेच सापडते. पहिल्यांदा उघडताना इम्पोर्ट चालू असल्यामुळे लाल ओळी दिसू शकतात. एडिटर बंद करून पुन्हा उघडल्यावरही राहिल्या तरच त्या खऱ्या.

"माझ्याकडे चालतं" याची तीन कारणं

पहिलं, आवृत्ती. दोघांची गोडो शेवटच्या आकड्यापर्यंत एकच हवी. एकाने नव्या आवृत्तीत सेव्ह केलेला सीन जुन्यात नीट उघडेल याची हमी नसते, आणि उघडला तरी न बदललेल्या ओळीही बदललेल्या दिसतात. स्टीमवरून घेतलेली गोडो आपोआप अपडेट होते, म्हणून जॅमसाठी झिप उतरवा आणि तीच झिप दोघांनी वापरा.

दुसरं, अक्षरांचा आकार. विंडोजला मोठं आणि लहान रोमन अक्षर सारखंच, त्यामुळे चित्राच्या नावात पहिलं अक्षर मोठं आणि कोडमध्ये लहान असलं तरी एडिटरमध्ये चालतं. एक्स्पोर्ट झालेल्या गेममध्ये ते चित्र सापडत नाही. सगळ्या फाइलींची नावं रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता ठेवा. नंतर नुसता अक्षराचा आकार बदलला तर विंडोजवरचं गिट तो बदल नोंदवत नाही. आधी 'गिट मूव्ह'ने भलतं नाव द्या, मग दुसऱ्यांदा हवं ते.

तिसरं, वेग. जोडीदाराकडे गारा झपाझप पडतात आणि तुमच्याकडे संथ, असं असेल तर कोणीतरी दर फ्रेमला ठरावीक पिक्सेल सरकवले आहेत. १४४ हर्ट्झच्या पडद्यावर तीच गार ६० हर्ट्झपेक्षा २.४ पट वेगाने येते. सरकवताना डेल्टाने, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळाने, गुणा. पण शेतकरी 'मूव्ह अँड स्लाइड'ने चालत असेल तर त्याच्या वेगाला डेल्टाने गुणू नका, ते फंक्शन स्वतःच गुणतं. दोनदा गुणलं की शेतकरी जागचा हलत नाही. गुरुत्वाकर्षणाची भर मात्र डेल्टाने गुणूनच वेगात मिळवायची. खात्रीसाठी कमाल फ्रेम ३० वर बांधून एकदा खेळून बघा. गेमची चाल बदलली तर चूक अजून आहे.

ब्राउझरमधला काळा पडदा

परीक्षक आणि इतर स्पर्धक डाउनलोड करायला नाखूश असतात, ब्राउझरमध्ये चालणारा गेम जास्त लोक खेळतात. म्हणून वेब बिल्ड (ब्राउझरमध्ये चालणारी तयार प्रत) हवंच, आणि पहिलं बिल्ड पाचव्या-सहाव्या तासालाच व्हायला हवं, गेममध्ये नुसता एक चौकोन हलत असला तरी.

प्रोजेक्ट सुरू करतानाच कंपॅटिबिलिटी रेंडरर (पडद्यावर चित्र उमटवणारी यंत्रणा) निवडा. गोडो ४ वेबवर तोच वापरते. फॉरवर्ड प्लस या दुसऱ्या रेंडररमध्ये केलेली चमक आणि काही इफेक्ट ब्राउझरमध्ये वेगळेच दिसतात. एक्स्पोर्ट टेम्प्लेट एडिटरच्या तंतोतंत त्याच आवृत्तीचे लागतात आणि त्यांचं डाउनलोड मोठं असतं, ते जॅमच्या आदल्या दिवशी दोघांच्या मशीनवर उतरवून ठेवा. ४.३ पासून थ्रेडशिवाय वेब एक्स्पोर्ट होतो, म्हणून थ्रेडचा पर्याय बंदच राहू द्या. त्याआधीच्या ४ मालिकेतल्या आवृत्तीवर असाल तर इच डॉट आयओ या गेम टाकायच्या साइटच्या पानावर शेअर्ड ॲरे बफरची खूण करावी लागते, ती नसली की गेम सुरूच होत नाही.

एक्स्पोर्टच्या मुख्य फाइलचं नाव इंडेक्स डॉट एचटीएमएल हवं, आणि झिप करताना फोल्डर न घेता फोल्डरच्या आतल्या फाइली निवडा. इचवर उघडलेल्या झिपमध्ये १,००० पेक्षा जास्त फाइली, एकूण ५०० एमबीपेक्षा जास्त किंवा एकच फाइल २०० एमबीपेक्षा मोठी चालत नाही. दोघांच्या गेमला ही मर्यादा सहसा लागत नाही. घरी तपासताना एचटीएमएलवर डबल क्लिक करून गेम उघडणार नाही. पायथनचा साधा एचटीटीपी सर्व्हर त्या फोल्डरमध्ये सुरू करा आणि लोकलहोस्टवरून उघडा, किंवा एडिटरमधलंच रिमोट बटण वापरा.

आवाज येत नाही ही तक्रार जवळपास प्रत्येक वेब गेमची असते. माणसाने पानावर क्लिक केल्याशिवाय ब्राउझर आवाज वाजू देत नाही. 'सुरू करा' असं बटण असलेला पहिला पडदा ठेवला की प्रश्न मिटतो.

मराठी अक्षरांऐवजी चौकोन

गेममध्ये मराठी मजकूर असेल तर ही अडचण नक्की येणार. गोडोच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही. डेस्कटॉपवर ती सिस्टिमचा फॉन्ट गुपचूप वापरते, त्यामुळे सगळं ठीक दिसतं. ब्राउझरमध्ये तशी सोय नसते आणि चौकोन उमटतात. 'मुक्ता' (Mukta) किंवा नोटो सॅन्स देवनागरी हे मुक्त परवान्याचे फॉन्ट आहेत. यांतला एक प्रोजेक्टमध्ये टाका आणि थीमचा मूळ फॉन्ट म्हणून लावा. लेबलच्या भाषेत मराठीचा कोड दिला की ज्या फॉन्टमध्ये ल आणि शची मराठी वळणं आहेत तो ती दाखवतो.

एकेक अक्षर उमटवत संवाद दाखवायचा असेल तर लेबलमध्ये दिसणाऱ्या अक्षरांच्या वागणुकीचा पर्याय बदलून 'आफ्टर शेपिंग' करा. मूळ पर्यायात 'द्राक्ष' लिहिताना आधी पाय मोडलेला द्, मग तुटका द्रा असं काहीबाही चमकत राहतं.

वीज आणि नेट

मे-जूनच्या वादळात किंवा पावसाळ्यात जॅम आला तर वीज जाणार असं धरूनच बसा. घरच्या इन्व्हर्टरवर पंखे-दिवे असतात, पण कॉम्प्युटरचा सॉकेट त्यावर असेलच असं नाही. आदल्या दिवशी मेन बंद करून पाहा. राउटर इन्व्हर्टरच्या सॉकेटवर हलवा. कोडचे पुश काही केबींचे असतात, ते मोबाइल हॉटस्पॉटवर सहज जातात.

डेस्कटॉप अचानक बंद पडल्यावर गिटने ऑब्जेक्ट फाइल रिकामी असल्याचं सांगितलं तर ती दुरुस्त करत बसू नका. बिघडलेल्या फोल्डरचं नाव बदला, नव्याने क्लोन करा आणि पुश न झालेल्या, तुम्ही स्वतः बदललेल्या फाइलीच तेवढ्या आणून टाका. पूर्ण फोल्डर वर ओतलं तर जोडीदाराचं मधलं काम मागे जाईल. दर अर्ध्या तासाला पुश केलेला असेल तर नुकसानही अर्ध्या तासाचंच.

शेवटचे चार तास

या वेळेत नवा सीन नाही, नवी यंत्रणा नाही. आकडे बदला: गारांचा वेग, कव्हर किती सेकंद टिकतं, किती वेली गेल्यावर डाव संपतो. एकाच मशीनवरून बिल्ड करा, दुसऱ्याने ते खेळत चुका सांगाव्यात. चालणारं प्रत्येक बिल्ड तारीख-वेळेच्या नावाने वेगळं ठेवा, वर चढवा आणि सबमिट करून टाका. मुदतीआधी फाइल बदलता येते. बदलल्यावर जुनाच गेम दिसला तर ब्राउझरची कॅश टाळून पान पुन्हा उघडा, किंवा खासगी खिडकीत.

मुदत यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) दिलेली असेल तर साडेपाच तास मिळवा आणि तारीखही बदलते का ते बघा: रविवारी २०:०० यूटीसी म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे १:३०. लुडम डेअर या जॅमसारख्या ठिकाणी प्रकारही तपासा. तिथे ४८ तासांचा कॉम्पो एकट्यानेच करायचा असतो, जोडीला ७२ तासांच्या जॅममध्ये नाव घालावं लागतं. सबमिट केलेल्या कमिटला गिटमध्ये टॅग लावा, म्हणजे नंतर कोणी चूक कळवली तर नेमक्या त्याच कोडवर ती शोधता येईल.